मावशी माणगावला, आपण महाडला

प्रश्न: ताई, मे महिन्यात आम्ही भांडुपहून गुहागरला गेलो. सात सीटची गाडी आणि सातच माणसं, म्हणजे आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे आणि सासूबाईंची धाकटी बहीण, आमची मावशी. पहाटे पाचला निघायचं ठरलेलं, निघालो अकराला, का ते विचारूच नका. ऐरोली नाक्यावर सासऱ्यांनी सवयीने सुटे पैसे काढले, ऑक्टोबर २०२४ पासून तिथे छोट्या गाड्यांना टोल नाही हे त्यांना अजून पटत नाही. इथपर्यंत मजा.

माणगावला जेवलो आणि निघालो. मावशी मागे बॅगांच्या आड झोपलीय असंच सगळ्यांना वाटलं. थोड्या वेळाने मागून तिचा फोन वाजायला लागला, अनोळखी नंबर, नवरा म्हणाला लोनवाले असतील, कट कर. मी कट केला. तीनदा! महाडला धाकट्याने पाण्याची बाटली मागितली तेव्हा कळलं की मागे नुसती तिची शाल आहे. ती बिचारी हॉटेलच्या गल्ल्यावरून स्वतःच्याच नंबरवर फोन करत होती, कारण तिला तेवढा एकच पाठ. हॉटेलवाल्याने तिला पीयूष पाजून बसवून ठेवलं होतं, पैसेही घेतले नाहीत.

परत माणगाव, परत तेच ट्रॅफिक, मग मॅपने दापोलीवरून थेट दाभोळला नेलं, समोर खाडी आणि शेवटची फेरी गेलेली. पलीकडे धोपाव्याचे दिवे दिसत होते हो! खेड-चिपळूणवरून फिरून गुहागरला पोचलो तर कोंबडे आरवत होते. मधे परशुराम घाटात मोठा मोबाइलवर गेम खेळता खेळता माझ्या पर्समध्ये ओकला ते वेगळंच. आता गणपतीला परत जायचंय आणि मावशी म्हणते मी एस्टीने येईन. कसं मनवू?
— भांडुपची सून

उत्तर: अहो, तीनदा फोन कट केल्यावर त्यांना एस्टीच बरी वाटणार ना, तिथे कंडक्टर डबल बेल मारायच्या आधी एकदा माणसं तरी बघतो! तुमच्या गाडीत तेवढंच राहिलं. तेव्हा ते काम मावशींनाच द्या. ड्रायव्हरच्या शेजारची सीट त्यांची, आणि त्यांनी मोजून ‘चला’ म्हटल्याशिवाय गाडी हलणार नाही, नवऱ्यालाही हे आधीच सांगून ठेवा. सासरे कुरकुरतील, कुरकुरू दे, त्यांच्याकडे सुटे पैसे आहेतच. आणि तुम्हा दोघांचे नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मावशींच्या बटव्यात ठेवा, मोबाइलमध्ये नको, मोबाइल कुठे होता ते आपण पाहिलंच.

मोठ्याचं म्हणाल तर घाटात कान सांगतात गाडी वळतेय, डोळे मोबाइलवर खिळलेले, त्यांना काहीच हलताना दिसत नाही, या भांडणात पोट उलटतं. त्याला मधल्या सीटवर खिडकीशी बसवा, लांबवर बाहेर बघायला लावा, मोबाइल काढून घ्या (इथे घरात दुसरं भांडण होईल, तयारी ठेवा). आलेपाक जवळ असू दे, गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी, ओकारी झाल्यावर देऊन काही होत नाही. आणि पर्स नको, पिशव्या ठेवा.

मॅपला मात्र फार शिव्या देऊ नका. त्याच्या लेखी फेरीबोट म्हणजे रस्त्याचाच तुकडा. सेटिंगमध्ये फेरी टाळायचा पर्याय असतो, पण मी म्हणेन तो लावू नका, दिवसाउजेडी पोचलात तर गाडीसकट दाभोळहून धोपाव्याला बोटीने जाण्यासारखी मजा नाही, मुलं मोबाइल विसरतील आणि शंभरावर किलोमीटरचा वळसाही वाचेल. शेवटची फेरी कितीची आहे ते तेवढं निघतानाच विचारून घ्या, म्हणजे अकराला निघायचं की पाचला ते आपोआप ठरेल.

आणि हो, जाताना माणगावच्या त्या हॉटेलवर थांबून त्याला मोदक देऊन या. फक्त परत गाडीत बसताना मावशी सगळ्यात आधी.