दूध तोडल्यावरची हगवण: औषधाआधी पिल्लाची कूस तपासा

तुम्ही लिहिलंय की 28 व्या दिवशी दूध तोडलं की चौथ्या-पाचव्या दिवशी डुकराची पिल्लं पातळ हगायला लागतात, अँटिबायोटिक दिलं की थांबतं आणि पुढच्या तुकडीत पुन्हा तेच. आता ताकद यावी म्हणून सोयापेंड वाढवायचा तुमचा विचार आहे. कृपा करून तेवढं करू नका. हगवण पाचव्या दिवशी दिसते खरी, पण तिची सुरुवात होते ती आई दूर झाल्याच्या पहिल्या रात्री, रिकाम्या पोटात.

आईपाशी असताना पिल्लू जवळजवळ तासातासाला पितं. कोमट, पातळ, पचायला सोपं. ते एका दिवसात बंद होतं आणि पुढ्यात येतो कोरडा भरडा. बरीच पिल्लं पहिला दिवसभर त्याला तोंडच लावत नाहीत, काही तर दोन दिवस. लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नाचं शोषण त्यांच्यावरच होतं. या अंकुरांचं पोषण बऱ्याच अंशी आतड्यातून जाणाऱ्या अन्नावरच चालतं. अन्न थांबलं की ते आखूड होतात. मग भूक अनावर झाली की पिल्लू अधाशासारखं खातं आणि ते पचवायला आतडं तयारच नसतं. न पचलेलं प्रथिन पुढे सरकून मोठ्या आतड्यात कुजतं, अमोनिया तयार होतो, ई. कोलायसारख्या जंतूंचं आयतंच फावतं. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पण आखडलेले अंकुर काही वाढत नाहीत. तुमची दर तुकडीची रड तिथेच आहे.

म्हणून पहिले तीन-चार दिवस मी पिल्लांना कोरडं खाद्य देतेच, पण त्यासोबत लापशीही देते: एक भाग खाद्य, दोन भाग कोमट पाणी. पसरट, उथळ ताटात, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडी थोडी. तासाभरात उरलेली फेकून ताट धुवायचं, कारण आंबलेली लापशी हगवणीला आमंत्रण देते. ताट सगळी पिल्लं एकदम तोंड घालू शकतील एवढं हवं. आईपाशी सगळी एकदमच प्यायची, ती सवय अजून मोडलेली नसते; एक खाताना दिसलं की बाकीची धावतात.

संध्याकाळी प्रत्येक पिल्लू हातात घ्या आणि शेवटच्या बरगडीमागे कुशीवर बोटं ठेवा. खाल्लेल्या पिल्लाची कूस भरीव, गोल लागते. उपाशी पिल्लाची बोटाखाली खोल जाते. अशा पिल्लाच्या पाठीवर खडूची खूण करा, ताटाशी नेऊन त्याच्या ओठांना लापशी लावा. दोन-तीनदा चाटवली की बहुतेक पिल्लं शिकतात. या कामाला वेळ जातो, पण पिल्लं वाचवण्यात माझ्या हातून सगळ्यात उपयोगी पडलेलं काम हेच आहे.

आता खाद्य. या वयात पिल्लाला दुधातली साखर उत्तम पचते, धान्यातला स्टार्च पचवणारी विकरं मात्र अजून तयार होत असतात. म्हणून पहिल्या टप्प्यात व्हे पावडर, म्हणजे दूध फाडून उरलेल्या पाण्याची पावडर, हवीच. तिच्यातल्या लॅक्टोजपासून, म्हणजे दुधातल्या साखरेपासून, पोटात लॅक्टिक आम्ल बनतं. पिल्लाचं स्वतःचं जठराम्ल कमी असतं, ती उणीव थोडी भरून निघते. याच कारणाने पहिल्या टप्प्यात चुनखडी कमी ठेवा, ती आम्ल मारते. सायट्रिक किंवा फॉर्मिकसारखी आम्लं खाद्यात घालून वर चुनखडी ओतायची, हे मी अनेकांकडे पाहिलंय आणि दरवेळी जीव हळहळतो.

प्रथिन 18-19 टक्क्यांच्या आसपास पुरतं, पण लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) वेगळी घालून मेळ बसवला तरच. नुसतं प्रथिन कापलं तर वाढ खुंटेल. सोयापेंड नीट भाजलेलीच घ्या. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनाचं पचन रोखतात, आणि भाजलेल्या पेंडीतल्या काही प्रथिनांनाही पिल्लाचं आतडं सुरुवातीला बिचकतं. म्हणून ती दूध तोडण्याआधीच, दहाव्या दिवसापासूनच्या क्रीप फीडमध्ये (आईपाशी असतानाच पिल्लांना दिलेल्या खाद्यात) चिमूटभर सुरू करा आणि हळूहळू वाढवा. गव्हाचा कोंडा थोडा असू द्या, पार काढू नका. आतड्याची हालचाल त्याने चांगली राहते.

इथे एकाने झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचं संयुग, सुचवलंय. टनभर खाद्यात अडीच-तीन किलो घातलं तर हगवण थांबते, हे खरं. पण जस्त शेणावाटे जमिनीत साठतं आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढायला मदत होते. युरोपियन युनियनने जून 2022 पासून हा औषधी वापर बंद केला तो यासाठीच. मी त्यावर विसंबणार नाही.

जन्मल्यावरचा चीक मात्र विसरू नका. डुकराच्या पिल्लाला गर्भात आईकडून प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात आणि आतडं ती साधारण पहिल्या 24 तासांतच घेऊ शकतं. त्या दिवशी मागे पडलेलं पिल्लू दूध तोडतानाही मागेच असतं.

हगवणीत रक्त दिसलं, पापण्या सुजल्या किंवा धडधाकट पिल्लू अचानक मेलं, तर लापशीच्या भरवशावर थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा. एरवी पुढची तुकडी तोडाल त्या संध्याकाळी किती पाठींवर खडू लागला ते मोजून ठेवा, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा मोजा आणि ते दोन आकडे इथे लिहा. त्यावरून खाद्यात काय बदलायचं ते बघू.