पाण्यातला चतुर ओळखताना

गच्चीवरच्या पिंपात सहा पायांचे मातकट किडे सापडले. डासांच्या अळ्या खात होते. टाचणीचे (चतुराचा बारीक, नाजूक भाऊबंद) की चतुराचे? (मुलुंड)

शेपटीचं टोक बघा. पानासारखे तीन कल्ले दिसले तर टाचणी. चतुराच्या अळीचे कल्ले गुदाशयात असतात. बाहेर फक्त काट्यांचा आखूड शंकू. डिवचलं की ती मागून पाण्याची चिळकांडी सोडते आणि पुढे झेपावते. हे किडे बरणीत काढून घ्या. पिंप मात्र रिकामं करून कोरडं ठेवा. चतुर आहेत म्हणून डेंगीची जोखीम घेऊ नका.

अळीचा फोटो पाठवला आहे. जात कोणती? (बोरिवली)

वरून काढलेल्या फोटोवरून जात सांगणं मला पटत नाही. अळी उलटी करून खालचा ओठ बघायला हवा. भक्ष्य पकडायला ती हा ओठ पुढे फेकते. चमच्यासारखा खोलगट असेल, तर मुंबईत बहुधा लिबेल्युलिडी कुळ. सपाट असेल तर गोम्फिडी किंवा एश्निडी कुळ; त्यातही मिशांना चारच पेरं आणि तिसरं जाड असेल, तर गोम्फिडी. पुढे जातीपर्यंत जायचं तर ओठावरचे केस मोजायचे, पाठीवरचे काटे बघायचे, पोटाच्या आठव्या-नवव्या खंडाचे बाजूचे काटे मापायचे. हे सगळं शेवटच्या अवस्थेतल्या अळीवर, म्हणजे पंखांच्या पिशव्या फुगलेल्या असताना. लहानपणी केसांची संख्याच वेगळी असते.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे अळी वाढवणं. बरणीत एकच ठेवा, नाहीतर एकमेकींना खातात. पाण्याबाहेर येणारी काडी उभी करा, वर जाळी बांधा. चतुर बाहेर पडला की पंख वाळेपर्यंत हात लावू नका. मागे उरलेली कात जपा: ओठ, केस, काटे सगळं तिच्यावर शाबूत असतं. डबीवर तारीख, जागा, पाणवठा आणि तिच्यातून कोणता चतुर निघाला ते लिहा. ही चिठ्ठी नसेल तर कातेचा अभ्यासाला फारसा उपयोग नाही.

पावसाळ्यात मैदानावर थव्याने उडणाऱ्या पिवळसर चतुरांच्या अळ्या तळ्यात शोधू का? (दादर)

ते बहुधा पँटाला फ्लॅव्हेसेन्स. आधी पावसाची डबकी बघा. डबकं आटण्याआधी अळीला वाढ उरकायची असते, आणि ती दोनेक महिन्यांत उरकतेही. सिमेंटच्या टाकीत मात्र भिंतीवर बसणारा करडा चतुर, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, याचीही अळी सापडेल. राष्ट्रीय उद्यानातून मात्र वनविभागाच्या परवानगीशिवाय अळी काय, कातही उचलू नका.