सरकारी विद्यापीठांची फी प्रत्यक्ष शैक्षणिक खर्चावरून ठरवावी का?

माझं उत्तर: खर्च जरूर मोजावा, पण तो सगळा विद्यार्थ्याच्या अंगावर टाकू नये.

ही कल्पना नवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या न्या. पुन्नय्या समितीने 1993 च्या सुमारास सुचवलं होतं की विद्यापीठांनी आवर्ती (दरवर्षी होणाऱ्या) खर्चाच्या 15 टक्के रक्कम पाच वर्षांत आणि 25 टक्के दहा वर्षांत स्वतः उभी करावी, त्यात फीवाढही आली. उरलेला भार सरकारचाच.

मूळ अडचण खर्च मोजण्यात आहे. आपल्या जळगावच्या उमविचंच (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचंच) घ्या. रसायनशास्त्राच्या एमएस्सीला प्रयोगशाळा, रसायनं, उपकरणांची देखभाल लागते; मराठीच्या एमएला वर्ग आणि ग्रंथालय पुरतं. प्राध्यापक शिकवतो तसं संशोधनही करतो, मग त्याच्या पगारातला शिकवण्याचा वाटा किती धरायचा? परीक्षा विभाग तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांसाठी राबतो. तो खर्च कॅम्पसवरच्या पोरांच्या फीत घालणं सरळ अन्याय आहे.

शिवाय फी म्हणजे शिक्षणाचा पूर्ण खर्च नव्हे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याहून येणाऱ्याला खोली, मेस, एसटी हेच जड जातं. कापसाचा भाव पडला की घरून पैसे येणं थांबतं. शिष्यवृत्ती आहे, 2024-25 पासून आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा फीची पूर्ण माफीही आहे. पण शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला तर तोवर उधारीच करावी लागते.

म्हणून विद्यापीठाने अभ्यासक्रमनिहाय खर्च आधी जाहीर करावा, फी वाढवायची चर्चा त्यानंतर.