नाकाता खरंच मोठा होता का? आणि २९ व्या वर्षीच का थांबला?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे: जपानी फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता खेळाडू म्हणून मोठा होता की जाहिरातींनी त्याला मोठा केला, आणि ऐन २९ व्या वर्षी तो निवृत्त का झाला. पहिल्या भागाबद्दल माझं मत पक्कं आहे. जाहिराती, रंगवलेले केस, फॅशन शोमधली पहिली रांग हे सगळं होतंच, पण ते नंतर आलं. आधी पाय बोलले.

सुरुवात १९९७ पासून करू. तोवर जपान एकदाही विश्वचषक खेळला नव्हता. १९९३ मध्ये दोह्यात इराकने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली आणि हातातोंडाशी आलेला घास गेला. ती जखम ओली होती. १६ नोव्हेंबर १९९७ ला मलेशियात जोहोर बाहरूला इराणविरुद्ध विश्वचषकातली जागा ठरवणारा सामना झाला. जपान ३-२ ने जिंकला, तोही अतिरिक्त वेळेतल्या गोल्डन गोलवर, म्हणजे जो पडताच सामना संपतो अशा गोलवर. गोल करणारे नाकायामा, जो आणि ओकानो. पण तिन्ही गोलांच्या मुळाशी २० वर्षांचा नाकाता होता: एक पास, एक क्रॉस, आणि गोलरक्षकाने अडवलेला एक फटका, ज्यावर ओकानोने घसरत येऊन चेंडू आत ढकलला. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नाही. त्याचा खेळ कसा होता हे यावरूनच कळतं.

१९९८ च्या विश्वचषकानंतर तो जपानमधला बेलमारे हिरात्सुका हा क्लब सोडून इटलीत पेरुजिया क्लबकडे गेला. त्याच्या आधी जपानचाच काझुयोशी मिउरा इटलीतल्या जेनोआ क्लबकडून एक मोसम खेळून एकच गोल करून परतला होता. त्यामुळे ‘जपानमध्ये जर्सी खपवायला आणलाय’ असं उघड बोललं जायचं. पहिलाच सामना गतविजेत्या युव्हेंटसशी. पेरुजिया ४-३ ने हरलं, पण नाकाताने दोन गोल मारले. मोसमअखेर त्याच्या नावावर सेरी-एमध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये, १० गोल होते, आणि त्या काळची सेरी-ए म्हणजे जगातली सगळ्यात कंजूष बचावाची लीग. जर्सीही खपल्या असतील, खपू द्या.

जानेवारी २००० मध्ये रोम शहरातल्या रोमा क्लबने त्याला घेतलं. अडचण एकच, आणि ती फार मोठी: त्याची जागा रोमाचा कर्णधार फ्रान्चेस्को टोट्टीची होती. रोममध्ये टोट्टीला बाहेर कोण बसवणार? शिवाय युरोपीय संघाबाहेरचे किती खेळाडू सामन्यात खेळवता येतील यावर मर्यादा होती, त्यामुळे नाकाताला बरेचदा संघातही जागा मिळेना. मोसम संपता संपता इटालियन महासंघाने हा नियम सैल केला. युव्हेंटसचे चाहते त्यावर अजून दात-ओठ खातात, कारण त्यानंतर काही दिवसांतच ६ मे २००१ चा सामना आला.

तुरिनमध्ये युव्हेंटस-रोमा. डेल पिएरो आणि झिदानच्या गोलांनी सहा मिनिटांतच २-०. तासाभराने रोमाचा प्रशिक्षक कापेलोने टोट्टीलाच बाहेर काढून नाकाताला आणलं. विजेतेपदाच्या शर्यतीत स्वतःच्या कर्णधाराला उठवायचं म्हणजे प्रशिक्षकाची छाती मोठी लागते! ७९ व्या मिनिटाला नाकाताने मधल्या भागात चेंडू हिसकावला, चार पावलं पुढे नेला आणि लांबून असा फटका मारला की युव्हेंटसचा गोलरक्षक व्हॅन डर सार फक्त हवेत झेपावला. अगदी शेवटी त्याचा आणखी एक फटका गोलरक्षकाच्या हातून सुटला आणि मोंटेलाने तो आत टाकला. २-२. मोसमअखेर रोमा ७५ गुण, युव्हेंटस ७३. तो सामना गेला असता आणि बाकी निकाल तेच राहिले असते, तर युव्हेंटस ७५ आणि रोमा ७४. करा हिशेब.

त्यानंतर आलेख उतरला, हे मान्य करायला हवं. इटलीतल्याच पार्मा क्लबने त्याच्यासाठी प्रचंड रक्कम मोजली. २००२ च्या इटालियन चषकाच्या अंतिम फेरीत युव्हेंटसच्या मैदानावर त्याने शेवटी केलेला गोलच पुढे निर्णायक ठरला, कारण दोन लढतींची बेरीज २-२ झाली आणि बरोबरीत परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरायच्या नियमाने पार्माला चषक मिळाला. पण तिथे त्याला बरेचदा उजव्या कडेला खेळवलं गेलं. मैदानाच्या मध्यातून सगळं पाहणाऱ्या माणसाला कडेला उभं करणं म्हणजे अर्धा नाकाताच वापरणं. मग इटलीतले बोलोन्या आणि फियोरेन्टिना, शेवटी इंग्लंडमधला बोल्टन क्लब. कुठेच बस्तान बसलं नाही.

आता निवृत्ती. २००६ ला जर्मनीतल्या विश्वचषकात जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० ने पुढे होता आणि शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन हरला. क्रोएशियाशी बरोबरी, मग डॉर्टमुंडला ब्राझीलकडून ४-१. सामना संपल्यावर नाकाता मधल्या वर्तुळात बराच वेळ पडून राहिला. ३ जुलैला त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर केली आणि लिहिलं की निर्णय सहा महिन्यांपूर्वीच झाला होता. म्हणजे ‘पराभवाच्या रागात सोडलं’ ही कथा टिकत नाही. देशासाठी ७७ सामने, ११ गोल, तीन विश्वचषक.

माझा अंदाज असा की त्याला फुटबॉल आवडत होता, फुटबॉलपटूचं आयुष्य आवडत नव्हतं. पत्रकारांशी त्याचं कधीच पटलं नाही, म्हणून तर तो थेट संकेतस्थळावर लिहायचा. पुढे तो जगभर फिरला, मग जपान पालथा घालून कारागिरांना भेटला आणि साके या तांदळाच्या मद्याच्या व्यवसायात उतरला. क्लब फुटबॉलमध्ये प्रशिक्षक म्हणून तो परतला नाही, आणि ते बरंच झालं असं मला वाटतं. त्याला दिसणारा पास न दिसणाऱ्या पोरांवर तो रोज वैतागला असता.