एडीएचडीचं निदान नुकतंच झालंय? आधी औषधाचं बघ

एडीएचडीसाठी (म्हणजे लक्ष टिकवणं अवघड जातं ती अवस्था) मेथिलफेनिडेट हे औषध लिहून दिलं असेल तर गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच हालचाल कर. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक केमिस्ट ठेवून घेतो, आणि प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. (विसरभोळ्यांच्याच औषधाला एवढे सोपस्कार!) त्याऐवजी ॲटोमॉक्सेटिन हे एडीएचडीचं दुसरं औषध असेल तर परिणाम दिसायला काही आठवडे जातात, त्यामुळे चार दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नकोस.

ऑफिसात तोंडी सांगितलेलं काम लगेच मेसेज करून पक्कं करून घे. यादीत नुसतं 'रिपोर्ट' नको. 'फाइल उघड, पहिला तक्ता भर' असं लिही. कंटाळवाणं काम अडलं की कुणाला तरी शेजारी बसव, व्हिडिओ कॉलवरही चालतं. नवीन प्लॅनर मात्र घेऊ नकोस, जुने कोरेच पडले असतील.