आयुष्यभराचे वजन आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

प्रश्न : मी 46 वर्षांची असून नागपुरात महाल भागात राहते. उंची 155 सेंटिमीटर, वजन 98 किलो. शाळेपासूनच स्थूल आहे. आता मधुमेहही जडला आहे. डॉक्टरांनी जठर लहान करण्याची स्लीव्ह शस्त्रक्रिया सुचवली, पण नणंद म्हणतात, ‘तोंडावर ताबा ठेव, पोट कशाला कापतेस?’

उत्तर : ताई, तो आरोप आधी मनातून काढून टाका, वजन घटू लागले की शरीरच भूक वाढवते, हा तुमच्या निग्रहाचा दोष नव्हे. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सुमारे 41 येतो आणि मधुमेह असल्यास 30 च्या वरही या पर्यायाचा विचार होतो, तेव्हा सल्ला अवाजवी नाही. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात, त्यामुळे भूक वाढवणारे घ्रेलिन संप्रेरकही घटते. मात्र काढलेला भाग परत जोडता येत नाही. जुने आम्लपित्त असेल तर ते आधीच सांगा, कारण नंतर ते बळावू शकते. बी-12, लोह, कॅल्शियम आयुष्यभर घ्यावे लागेल. सुरुवातीचे काही महिने पेलाभर पाणी एका दमात पिता येत नाही, घोटघोटच प्यावे लागते. म्हणून आपल्याकडच्या 45 अंशांच्या मे महिन्यापेक्षा, डॉक्टरांना चालत असेल तर, हिवाळा निवडा. पुढच्या तपासणीला नणंदेलाही सोबत न्या.