पोस्ट नंतर काढू, आधी नोटिशीचे तीन महिने वाचवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सातारा जिल्ह्यातली, हिंदू, नोकरी पुण्यात. मुलगा वसईचा, ख्रिश्चन, तोही पुण्यातच राहतो. दोघांनी ११ ऑगस्टला पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली. त्या नोटिशीचा फोटो नाव, वय, पत्त्यासकट गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि तिथून फेसबुकवर गेला. ५ सप्टेंबरला चुलतभावाने "घरच्यांची संमती नाही, धर्म वेगळा आहे" असा आक्षेप विवाह अधिकाऱ्याकडे पाठवला. तेव्हापासून ऑफिसात गेलं की एकच उत्तर, आक्षेप आलाय, थांबा. आता ऑक्टोबर संपत आला, मुलाला नोव्हेंबरअखेर कतारला कामावर रुजू व्हायचंय. शिवाय काकांनी धमकीचा व्हॉइस मेसेज टाकलाय आणि जमिनीच्या हिश्शावरून भीती घातली जातेय. ताईंनी, म्हणजे या मुलीनेच, विचारलंय की पोस्ट कशी काढून घ्यायची, ग्रुप ॲडमिनवर केस होते का, अशी नोटीस नेटवर येणं बेकायदा नाही का, आणि व्हिडिओ कॉलवरून लग्न होतं का.

ताई, तुम्ही चार प्रश्न विचारलेत आणि ज्याच्यावर तुमचं लग्न अडकलंय तो पाचवा विचारलाच नाहीत. विशेष विवाह कायदा, १९५४ चं कलम १४ काढून वाचा. नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही तर ती नोटीस आणि त्यावरची सगळी कारवाई रद्द झाल्यासारखी, मग परत नवी नोटीस, परत ती ऑफिसच्या बोर्डावर, परत आक्षेपाचे तीस दिवस, आणि परत ज्याला वाटेल त्याला आक्षेप घ्यायला मोकळीक. तुमची नोटीस ११ ऑगस्टची आहे म्हणजे ११ नोव्हेंबर. शेवटचा दिवस १० धरायचा की ११ या वादात पडूच नका, त्याच्या आत काम झालं पाहिजे, आणि मधे दिवाळीच्या सुट्ट्या आहेत.

एक घोळ जवळपास सगळीच जोडपी करतात. आक्षेपाचे तीस दिवस मोजले जातात नोटीस बोर्डावर लागल्यापासून आणि लग्नाचे तीन महिने मोजले जातात नोटीस दिल्यापासून. दोन वेगळ्या तारखा आहेत या. ऑफिसने नोटीस लावायला चार-आठ दिवस घेतले की ते दिवस तुमच्या तीन महिन्यांतून गेले, आणि आक्षेप आला म्हणून हे तीन महिने थांबत नाहीत. आक्षेपाची चौकशी चालू आहे म्हणजे मुदतही थांबली असेल असं तुम्ही धरून चाललात, तसं कायद्यात कुठेही नाही.

आता आक्षेपाचं बघू. कलम ७ म्हणतं की आक्षेप फक्त कलम ४ मोडत असेल तरच घेता येतो. म्हणजे कुणाचं आधीचं लग्न चालू आहे, मुलगा २१ किंवा मुलगी १८ च्या आत आहे, मानसिक अवस्थेमुळे संमती देता येत नाही, किंवा निषिद्ध, म्हणजे फार जवळच्या, नात्यात लग्न होतंय. बस. घरच्यांची परवानगी, धर्म, जात, गावाची अब्रू यातलं काहीही त्यात नाही. तुमच्या भावाचा आक्षेप जसा तुम्ही लिहिलाय तसाच असेल तर तो पहिल्याच दिवशी फेटाळायला हवा होता. शिवाय आक्षेप विवाह नोटीस बुकात लिहून घ्यायचा असतो, आक्षेप घेणाऱ्याला वाचून दाखवायचा असतो आणि त्याची किंवा त्याच्या वतीने कुणाची तरी सही घ्यायची असते. तो नुसता पोस्टाने आलेला कागद आहे की बुकात नोंदलाय हे मला तुमच्या मेलवरून कळत नाही. पण ते बुक कुणालाही, फी न भरता, बघता येतं, कलम ६ मध्येच लिहिलंय. तुमच्या नातेवाइकांनी ही सोय वापरली, तुम्ही अजून एकदाही वापरली नाही. उद्या जा आणि बुक बघा.

आणि कलम ८. आक्षेपाची चौकशी विवाह अधिकाऱ्याने आक्षेपाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत संपवायची असते. ५ सप्टेंबरचा आक्षेप म्हणजे ५ ऑक्टोबरला मुदत संपली. तेव्हापासून तुम्हाला जे "थांबा" सांगतायत त्याला कायद्यात काही आधार मला दिसत नाही. पण तुम्ही थांबलात. लेखी काही मागितलं नाहीत, आणि इतके आठवडे फेसबुकला रिपोर्ट मारत बसलात. रागावून लिहितोय असं वाटलं तर वाटू दे, पण तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनी सरकारी ऑफिसातल्या तोंडी उत्तरावर दोन महिने घालवावेत हे मला खरंच समजत नाही.

तर आता करायचं ते एकच काम. विवाह अधिकाऱ्याच्या नावाने दोघांच्या सहीचा एक पानी अर्ज द्या. त्यात नोटिशीची तारीख, आक्षेपाची तारीख, आक्षेप कलम ४ मध्ये बसत नाही हे, कलम ८ चे तीस दिवस संपले हे आणि ११ नोव्हेंबरची मुदत, एवढं लिहा. मागणी अशी करा की आक्षेप फेटाळून लग्नाची तारीख द्यावी, नाहीतर नकाराचा कारणांसह लेखी आदेश द्यावा. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

लेखी नकार मिळाला तर घाबरू नका. उलट माझ्या दृष्टीने तोंडी "थांबा"पेक्षा लेखी नकार कितीतरी बरा. नकाराविरुद्ध तीस दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि अपील केलं की कलम १४ चे तीन महिने त्या अपिलाच्या निकालापासून मोजतात. म्हणजे नोटीस जिवंत राहते. ऑफिसने काहीच लिहून दिलं नाही तर अपील कशाविरुद्ध करणार, आणि ११ नोव्हेंबर उलटली की नोटीस गेली. तुमचं सगळं प्रकरण या एका कागदावर उभं आहे.

आदेशही नाही आणि तारीखही नाही असं झालं तर हायकोर्टात रिट, म्हणजे अधिकाऱ्याला त्याचं काम करायला लावा अशी याचिका. साताऱ्याची प्रकरणं आता कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात पण तुमचा विवाह अधिकारी पुण्याचा आहे, त्यामुळे माझ्या मते मुंबईच. दिवाळीच्या सुट्टीत फक्त तातडीची प्रकरणं ऐकतात, ती तातडी दाखवायला पोच लागेल, म्हणून पोच पोच म्हणतोय. हायकोर्ट किती दिवसांत ऐकेल याची खात्री मी देणार नाही, कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता नेटवरच्या गोष्टी. पहिलं म्हणजे फोटो कुठून गेला. तुम्ही सरकारी वेबसाइटला दोष देताय, असेलही, पण कलम ६ मध्ये आणखी एक तरतूद आहे. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या बोर्डावरही लागते. तुमची प्रत साताऱ्याला गेली असणार. बोर्डासमोर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायला कितीसा वेळ लागतो. १९५४ साली बोर्डावरचा कागद त्या ऑफिसात येणाऱ्या चार माणसांना दिसायचा, आज तोच कागद संध्याकाळपर्यंत तालुक्यात फिरतो, आणि कायदा मात्र तिथेच उभा आहे.

हे बेकायदा आहे का? बोर्डावर लावणं कायद्यातच आहे, वेबसाइटचा शब्द कलम ६ मध्ये नाही. केरळने जुलै २०२० मध्ये या नोटिसा साइटवर टाकणं बंद केलं, कारण तिथे आंतरधर्मीय जोडप्यांच्या नोटिसा उचलून सोशल मीडियावर पसरवल्या जात होत्या. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्येच सांगितलं होतं की नोटीस घरच्या पत्त्यावर पाठवायची नाही. अलाहाबाद हायकोर्टाने १२ जानेवारी २०२१ ला आणखी पुढे जाऊन म्हटलं की नोटीस प्रसिद्ध करायची की नाही हे जोडप्याने ठरवायचं. यातला कुठलाही निकाल महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही, इथल्या कोर्टापुढे आधार म्हणून दाखवता येतो, इतकंच. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, पण याच नोटिशीच्या कलमांविरुद्धची एक याचिका २०२२ मध्ये फेटाळली, का तर याचिका करणारी व्यक्ती स्वतः आता पीडित नाही. ऑक्टोबर २०२३ च्या समलिंगी विवाहाच्या निकालानंतरही ही कलमं जागेवरच आहेत. दरम्यान किती मुलींचे पत्ते असे गावभर फिरले असतील. मला याचा संताप येतो, पण त्या संतापावर तुमचं लग्न लागणार नाही, म्हणून हा मुद्दा आत्ता बाजूला ठेवा. नवी नोटीस द्यायची वेळ आलीच तर अलाहाबादचा निकाल जोडून प्रसिद्ध करू नये असा अर्ज द्या. माझा अंदाज आहे की अधिकारी ऐकणार नाही, पण कागदावर राहू दे.

पोस्ट निघत का नाही? सुप्रीम कोर्टातली श्रेया सिंघल केस, मार्च २०१५. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच निकालात असंही आहे की कंपनीला "माहिती झाली" असं कधी धरायचं, तर कोर्टाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना आली तर. कुणीतरी रिपोर्ट केलं म्हणून नाही. अभिव्यक्तीच्या दृष्टीने तो निकाल बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक टीका रिपोर्ट मारून गायब झाली असती, पण तुमच्यासारख्यांना त्याची किंमत मोजावी लागते. नग्न फोटो, तोतयेगिरी वगैरेंसाठी नियमांत वेगळी झटपट सोय आहे, नोटिशीचा फोटो त्यात बसेल असं मला वाटत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, नकार आला तर केंद्र सरकारच्या अपील समितीकडे तीस दिवसांत जाता येतं. करा, पण लग्नानंतर.

ग्रुप ॲडमिनला सोडा. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप जबाबदार होत नाही, दोघांचा संगनमताचा इरादा दाखवावा लागतो. तुमच्या काकांनी "उचलून आणू" असा जो व्हॉइस मेसेज टाकलाय तो मात्र वेगळा. ती धमकी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ बघा. पण तुम्ही म्हणताय की ग्रुपमधून बाहेर पडलात आणि चॅट डिलीट केलं. असं कुणी करतं का! ज्या मैत्रिणीच्या फोनवर तो मेसेज अजून आहे तिला म्हणावं फोन बदलू नको, काही डिलीट करू नको. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतंच हे पक्कं केलं, आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम ६३ आहे. नुसता स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करेल.

पोलिसांकडे मात्र याच आठवड्यात जा, दोघंही, वयाचे पुरावे घेऊन. आपण सज्ञान आहोत, मर्जीने लग्न करतोय, धमकी आहे, संरक्षण हवं, असं लेखी द्या. घरच्यांनी मिसिंगची तक्रार केली तर हाच अर्ज कामी येतो. लता सिंग २००६, शक्ती वाहिनी २०१८ आणि हादियाची केस २०१८, तिन्हींत सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तीची निवड मानलीय, आणि शक्ती वाहिनीमध्ये तर जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा असावा असंही सांगितलंय. पोलीस ठाण्यात कुणी "घरी बसून मिटवा" म्हणालं तर तिथे वाद घालू नका, सरळ पोलीस आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज द्या.

व्हिडिओ कॉलचं म्हणाल तर, मद्रास हायकोर्टाने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नवऱ्याला व्हिडिओवरून विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावू दिलं, केरळमध्येही असे आदेश झालेत. पण ही माणसं आधी हायकोर्टात गेली होती. पुण्याचा अधिकारी स्वतःहून तसं करेल यावर मी एक दिवसही घालवणार नाही. कतारचं तिकीट लग्नाच्या तारखेनंतरचंच काढा.

जमिनीच्या वाटणीवरून जी भीती घातली जातेय त्यावर सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय जास्त बोलत नाही. या कायद्याखाली लग्न केलं की एकत्र कुटुंबातून वेगळं झाल्याचं धरलं जातं हे खरं, पण त्याने तुमचा हिस्सा बुडतो असं मी म्हणणार नाही. कशावरही सही मात्र करू नका, हक्कसोड पत्रावर तर अजिबात नाही.

अर्ज उद्याच द्या. तारीख मिळाली तर तीन साक्षीदार लागतात, ऐन वेळी माघार घेणार नाहीत असे तिघं आत्ताच ठरवा आणि चौथा राखीव ठेवा, सगळ्यांची ओळखपत्रं मूळ प्रतीसह. ३१ तारखेपर्यंत लेखी काहीच हातात आलं नाही तर पोचेची प्रत घेऊन मला नाहीतर हायकोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या कुठल्याही वकिलाला गाठा, सुट्टी संपायची वाट बघू नका.